डाऊन हाऊस, १:५० : कामाच्या नोंदी

५ जानेवारी

आजपासून कामाला हात घातला. शाळेच्या विज्ञान खोलीसाठी चार्ल्स डार्विनच्या घराचं, डाऊन हाऊसचं मॉडेल करायचंय, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आत द्यायचं. मी चित्रकलेचा मास्तर, रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण गेल्या ऑगस्टमध्ये मुलीकडे क्रॉयडनला होतो तेव्हा दोनदा जाऊन हे घर बघून आलो आणि स्केचबुक शाळेत दाखवलं, तर विज्ञानाच्या बाई म्हणाल्या सर पोरांना डार्विन म्हणजे नुसता दाढीवाला फोटो माहितीये, हा माणूस राहायचा कुठं आणि काम करायचा कुठं ते दाखवा की. तेवढं मला पुरलं.

स्केल १:५० धरलंय. १:१०० केलं तर खिडक्यांच्या चौकटी दिसणार नाहीत आणि १:२५ केलं तर शाळेच्या दारातून आत जाणार नाही.

जागा कुठली ते लिहून ठेवतो, नंतर बोर्डावर लागेल. लंडनच्या दक्षिणेला डाऊन नावाचं छोटं गाव, डार्विनच्या वेळी केंट परगण्यात, आता लंडनच्या ब्रॉमली भागात मोडतं. पण ब्रॉमलीहून १४६ नंबरची बस धरली की थोड्या वेळात शहर संपतं आणि दोन्ही बाजूंनी झाडी दाटलेले इतके अरुंद रस्ते लागतात की समोरून गाडी आली तर एकाला मागं घ्यावंच लागतं. गावात चकमकीच्या दगडाचं जुनं चर्च आहे, तिथून चालत थोडं पुढं गेलं की घर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरं सांगायचं तर मनात आलं की एवढंच? पांढरा गिलावा, तीन मजले, एक अंग पुढं आलेलं, एक मागं गेलेलं, कुठं सिमेट्री म्हणून नाही. बागेच्या बाजूला जाऊन बाकावर बसलो आणि तासभर चित्र काढत राहिलो तेव्हा कुठं ते घर कळायला लागलं.

८ जानेवारी

मापं. सगळ्यात मोठा आधार डार्विनच्याच पत्राचा. जुलै १८४२ मध्ये घर बघून आल्यावर त्यानं बहिणीला सविस्तर लिहिलं होतं, एखादा आपला माणूस फ्लॅट बघून आल्यावर घरच्यांना सांगतो ना तसं. घर कुरूप आहे, धड जुनं दिसत नाही धड नवं दिसत नाही, भिंती दोन फूट जाड, खिडक्या जरा लहान, खालचा मजला बुटका. अभ्यासाची खोली मात्र फक्कड, १८ बाय १८ फूट. जेवणाची खोली २१ बाय १८. दिवाणखाना २१ बाय १५, पण तो सहज वाढवता येईल. तीन मजले, झोपायच्या खोल्या भरपूर, दोन न्हाणीघरं, तबेला, आधीच्या मालकानं काही वर्षांपूर्वी १५०० पौंड घालून छप्पर नवं केलेलं. किंमत २२०० पौंडांच्या आसपास, पैसे वडिलांनी दिले, सोबत १८ एकर जमीन.

त्यावेळी तो ३३ वर्षांचा होता. लंडनमधे गोवर स्ट्रीटच्या भाड्याच्या घरात धुराला आणि गर्दीला कंटाळलेला, तब्येत सारखी बिघडलेली, दोन लहान मुलं, आणि बायको एमा तिसऱ्यांदा गरोदर. सप्टेंबर १८४२ मध्ये राहायला आले. आल्यावर काही दिवसांतच मुलगी झाली, मेरी, आणि ती तीनेक आठवडेच जगली. नव्या घरातला पहिला महिना असा गेलाय या लोकांचा.

१:५० ला हिशोब : १८ फूट म्हणजे ११० मिमी, २१ फूट म्हणजे १२८, १५ फूट म्हणजे ९१. दोन फुटी भिंत १२ मिमी. ५ मिमीचे दोन सनबोर्ड आणि मधे २ मिमीचा माउंटबोर्ड, बरोबर १२. ही भिंत खोटी पातळ करायची नाही. पोरांनी खिडकीत बोट घालून जाडी बघितली पाहिजे, कारण तसली जाड भिंत त्यांच्या आज्याच्या घरात त्यांनी बघितलेली असते आणि तिथं ओळख पटते.

११ जानेवारी

आजचा दिवस वाया. खोल्यांचा प्लॅन प्रिंट काढून आणला, त्यावरून तळाचा सनबोर्ड कापला, चारही भिंती उभ्या केल्या आणि मग पट्टी लावली तर अभ्यासिका १०७ मिमीच भरली. प्रिंट काढणाऱ्यानं कागदात बसवायला आपोआप लहान करून काढलेली, मला न विचारता, आणि मी दुकानातच पट्टी लावून बघायला पाहिजे होती ती लावली नाही. एक अख्खा शीट गेला. पुढच्या वेळी प्रत्येक प्रिंटवर कोपऱ्यात १०० मिमीची एक रेघ काढायची आणि तीच आधी मोजायची.

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळी तिळगूळ वगैरे झाल्यावर बसलो आणि दुपारपर्यंत एक गोष्ट लक्षात आली, तिच्यामुळं सगळा प्लॅन बदलला.

मी मॉडेल करत होतो ते ऑगस्टमध्ये मला दिसलेल्या घराचं. म्हणजे बागेच्या बाजूचा तिन्ही मजले पुढं काढलेला भाग, काचेच्या छपराचा व्हरांडा, टोकाचा मोठा दिवाणखाना, रस्त्याकडचा नवा भाग, सगळं एकदम. आणि पत्रातली मापं त्यावर बसवत होतो. बसेनात, कारण पत्रातलं घर वेगळंच आहे! १८४२ मध्ये त्यानं विकत घेतलं ते एक साधं चौकोनी खोकं होतं, १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात वाढवून बांधलेलं. बाकीचं सगळं पुढच्या ३५ वर्षांत त्यानं आणि एमानं एकेक करून जोडलंय. दिवाणखाना वाढवता येईल असं तो घर घेण्याआधीच लिहितोय, म्हणजे घर बघतानाच पुढची भर डोक्यात होती.

मग ठरवलं की मॉडेल सुटं करायचं. मधला ठोकळा १८४२ चा. त्याला १८४३ चा तुकडा, १८५८ चा, १८७२ चा, १८७७ चा, असे लागतील आणि निघतील. प्रत्येक तुकड्याच्या खालच्या बाजूला साल लिहायचं. पोरं एकेक तुकडा काढत मागं जातील आणि पहिल्या दिवशीचं घर हातात येईल. काम दुप्पट झालं पण आता झोप लागेल.

कुणीतरी म्हणेलच की वा, घराचीच उत्क्रांती. मला ते बोर्डावर लिहायचं नाही. डार्विननं जे सांगितलं त्यात वरून कुणी ठरवत नसतं, हाच तर त्याचा सगळा मुद्दा. इथं दर वेळी नवराबायको बसून ठरवतायत, खर्चाची काळजी करतायत, गवंडी सुतार बोलावतायत. दोन्ही गोष्टी एकात मिसळल्या तर पोरांच्या डोक्यात कायमचा गोंधळ होतो, आणि मग आठवीत घातलेला गोंधळ बारावीपर्यंत निघत नाही हे मी बघितलंय.

१८ जानेवारी

१८४२ चा ठोकळा उभा राहिला. तीन मजले, प्रत्येक मजला वेगळा उचलता येतो. अभ्यासिका ११० बाय ११०, तीनदा मोजली.

१९ जानेवारी

पहिली भर, १८४३. बागेच्या अंगाला दिवाणखान्याची भिंत फोडून पुढं काढलेला भाग, याला तिकडं 'बो' म्हणतात. तळमजल्यापासून वरपर्यंत तिन्ही मजले एकाच रेषेत, त्यामुळं खाली दिवाणखाना मोठा झाला आणि वर झोपायच्या खोल्यांनाही उजेड मिळाला. खिडक्या लहान आहेत ही त्याची पहिली तक्रार होती, तिच्यावर पहिल्या वर्षातच उपाय केला.

हा तुकडा उंच आणि अरुंद आहे त्यामुळं नुसता टेकवला तर पुढं पडतो. आत मागच्या बाजूला दोन खिळे उलटे बसवले आणि ठोकळ्याच्या भिंतीत स्ट्रॉचे तुकडे पुरले, आता खटकन बसतो. सगळ्या जोडांना हीच युक्ती.

२२ जानेवारी

आज रस्ता. माझ्या मते सगळ्या घरातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच आहे आणि ती घरात नाहीच, कंपाउंडच्या बाहेर आहे.

घर रस्त्याला अगदी लागून. जाणारा येणारा सरळ खिडकीतून आत बघायचा. डार्विनला माणसांचा त्रास व्हायचा, म्हणजे माणूस प्रेमळ होता पण अनोळखी भेटीगाठींनी, जास्त बोलण्यानं त्याची तब्येत खरोखर बिघडायची. मग त्यानं काय केलं, तर १८४३ मध्ये परवानगी घेऊन घरासमोरचा रस्ताच खणून सुमारे दोन फूट खाली नेला आणि कडेनं चकमकीच्या दगडांची भिंत घातली. घर आहे तिथंच राहिलं, रस्ता खाली गेला, आणि लोकांच्या नजरा भिंतीवर आदळायला लागल्या.

दोन फूट म्हणजे इथं १२ मिमी, म्हणजे भिंतीच्या जाडीइतकीच. प्लायच्या बेसवर १२ मिमीचा थर दिला आणि रस्त्यापुरता तो कापून काढला. नंतर एक मिठाच्या डबीएवढा प्लॅस्टिकचा माणूस रस्त्यावर उभा करून बघितला तर फार मोठा झाला, म्हणून काडेपेटीच्या काडीचा ३४ मिमीचा माणूस केला, म्हणजे साधारण साडेपाच फुटी. त्याला रस्त्यावर उभा केला आणि मान खाली घालून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघितलं. भिंत. नुसती भिंत. मग तोच माणूस न खणलेल्या पातळीवर ठेवला, तर खालच्या मजल्याच्या खिडक्या सरळ समोर. पोरांना हा प्रयोग करू द्यायचाच, म्हणून १२ मिमीची रस्त्याची पट्टीपण सुटी ठेवली, घातली की १८४२, काढली की १८४३.

चकमकीची भिंत करायला वेळ लागला. तो दगड तिकडं शेतात असाच पडलेला मिळतो, चुनखडीची जमीन असल्यामुळं, बाहेरून पांढरी साल आणि फोडला की आत काळाभोर काचेसारखा. अंड्याची टरफलं बारीक कुटली, निम्मी काळ्या रंगात बुडवली, दोन्ही मिसळून फेव्हिकॉलवर दाबली. लांबून अगदी तीच भिंत वाटते.

२७ जानेवारी

स्वयंपाकघराची बाजू. १८४५ च्या सुमारास तिथं फेरफार केले, नोकरांना ये जा करायला नीट वाट केली, मुलांना शिकायची खोली केली. आधी सगळी वर्दळ स्वयंपाकघरातून व्हायची. त्या काळातल्या एका पत्रात त्याचं म्हणणं असं आहे की आपण आपल्यासाठी घर एवढं ऐषारामी करायचं आणि नोकरांची सोय बघायची नाही हे स्वार्थीपणाचं वाटतं. हे वाचून मला बरं वाटलं, लिहायचं म्हणून लिहिलंय असं वाटत नाही, कारण खर्च खरंच केलाय.

या भागाचा वेगळा तुकडा नाही केला, बाहेरच्या आकारात पोरांना कळेल असा फरक पडत नाही. पण छप्पर उचललं की आतली वाट दिसते, तिला पिवळी रेघ मारली.

१ फेब्रुवारी

थंडी ताप, चार दिवस काही नाही. पडल्या पडल्या फिरायच्या वाटेचा विचार केला. घराच्या मागं कुरण ओलांडून गेलं की 'सँडवॉक'. शेजारच्या सर जॉन लबक यांच्याकडून १८४६ मध्ये दीड एकराची पट्टी भाड्यानं घेतली, त्यात झाडं लावली आणि भोवतीनं वाळूची वाट केली. रोज ठरलेल्या वेळी तिथं फेऱ्या. फेऱ्या मोजायला वाटेच्या कडेला चकमकीच्या दगडांचा छोटा ढीग, दर फेरीला काठीनं एक दगड बाजूला सारायचा, म्हणजे मोजण्यात डोकं अडकत नाही, विचार चालू राहतो. मी तिथं तीन फेऱ्या मारल्या, दगड नव्हते तर खिशातली नाणी एका हातातून दुसऱ्या हातात घेत.

पाव मैलाच्या आसपासची वाट आहे, १:५० ला आठ मीटर होईल. अख्खा वर्ग भरून जाईल. त्यामुळं मॉडेलमध्ये नाही. पण बाईंना सुचवलंय की शाळेच्या मैदानावर खऱ्या मापाची वाट फक्कीनं आखा आणि कडेला पाच दगड ठेवा.

५ फेब्रुवारी

१८५८ चा तुकडा. मोठा दिवाणखाना, त्याच्या वर झोपायची खोली, घराच्या एका टोकाला जोडलेला. हा झाला आणि आतल्या सगळ्या खोल्यांची नावं सरकली. जुना दिवाणखाना, तोच १८४३ चा बो असलेला, जेवणाची खोली झाला. जुनी जेवणाची खोली पुढं बिलियर्डची खोली झाली. जमिनीवर नावं लिहायचं ठरलं होतं पण एकाच खोलीला दोन तीन नावं यायला लागली, म्हणून नावांचे सुटे कार्ड केले, साल बदललं की कार्ड बदलायचं.

या तुकड्यावर काम करताना मन लागत नव्हतं. ते १८५८ साल सारखं डोक्यात येत होतं. जूनमध्ये वॉलेस नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाचं पत्र आलं, दूर मलायाच्या बेटांवरून, आणि डार्विननं वीस वर्षं सांभाळून ठेवलेला विचार दुसऱ्याच्या हातानं लिहिलेला त्याच्यासमोर आला. त्याच दिवसांत घरात स्कार्लेट फीवर. सगळ्यात धाकटा मुलगा चार्ल्स, दीड वर्षांचा, २८ जूनला गेला. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत, म्हणजे निसर्गशास्त्रज्ञांच्या संस्थेत, दोघांचे लेख एकत्र वाचले गेले तेव्हा डार्विन तिथं नव्हता. तो इथं होता, या घरात. दहा मुलं झाली त्यांना, तीन लहानपणीच गेली. मेरी आणि हा धाकटा दोघं गावातल्या त्याच चकमकीच्या चर्चच्या आवारात आहेत, मोठी मुलगी ॲनी दहा वर्षांची होऊन १८५१ मध्ये मॉल्व्हर्न गावी वारली, ती तिकडंच.

त्या सालचं घर आपण नुसतं बांधकामाचं साल म्हणून दाखवायचं का? बोर्डावर मुलाबद्दल एक ओळ घालणार आहे. पोरांना ते जड होईल असं बाई म्हणाल्या. मला नाही वाटत. त्यांच्या घरातही माणसं जातात.

९ फेब्रुवारी

अभ्यासिका. आज फक्त हीच एक खोली आणि रात्रीचे अकरा वाजले.

११० मिमीच्या चौकोनात काय काय बसवायचं : मधे टेबल, खिडकीपाशी मायक्रोस्कोपची फळी, शेकोटी, शेजारी कप्प्यांचं कपाट, भिंतीला पुस्तकं. याच खोलीत आठ वर्षं तो खडकाला चिकटणाऱ्या बार्नकल नावाच्या समुद्री जीवांवर काम करत बसला होता आणि १८५९ मध्ये आलेलं ते मोठं पुस्तक, 'ओरिजिन ऑफ स्पीशीज', पण इथलंच. पण तो टेबलाशी बसून लिहायचा नाही. त्याची एक उंच आरामखुर्ची होती, तिला त्यानं चाकं लावून घेतलेली म्हणजे उठायला नको, बसल्या बसल्या एका कामाकडून दुसऱ्या कामाकडं सरकता येतं. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकायची, तिच्यावर कागद. पाय लांब होते त्याचे, खाली पाय ठेवायला काहीतरी घ्यायचा. एका कोपऱ्यात पडदा, त्याच्या आड हात धुवायची सोय, कारण उलट्यांचा त्रास कायमचा.

खुर्ची बाल्सा लाकडाची केली, २० मिमी उंच, चाकं मोहरीच्या दाण्यांची. फळीवर हिरव्या फेल्टचा तुकडा. सगळ्यात अवघड गेला तो आरसा. खिडकीपाशी त्यानं एक आरसा असा लावून घेतला होता की खुर्चीत बसून दाराकडं कोण येतंय ते दिसावं. आधी चमकीचा कागद लावून बघितला, त्यात काही दिसत नाही. शेवटी हिच्या जुन्या कच्छी पिशवीवरचं आभलं काढलं, विचारून, आणि त्याचा ४ मिमीचा तुकडा चिमट्यानं खिडकीच्या चौकटीला तिरका चिकटवला. चार वेळा कोन बदलला. मग टॉर्च मारून खुर्चीच्या जागेवरून बघितलं आणि दाराशी उभा केलेला काडीचा माणूस त्यात दिसला. हिला हाक मारून दाखवलं.

रस्ता खाली नेणारा माणूस आणि आरसा लावणारा माणूस एकच आहे. पण त्याच वेळी जगभरच्या लोकांना रोज पत्रं लिहिणाराही तोच, कबुतरं पाळणारे, माळी, वैद्य, परदेशातले अधिकारी, मद्रासहून वॉल्टर एलियटनं त्याला कबुतरांची कातडी पाठवली होती. घर बंद करून घेतलं ते कामाला वेळ मिळावा म्हणून, टपालाला दार उघडंच होतं.

१२ फेब्रुवारी

त्याचा आज वाढदिवस, १८०९ चा जन्म. व्हरांडा पूर्ण केला.

हा १८७२ चा, मोठ्या दिवाणखान्याच्या बागेकडच्या बाजूला, काचेचं छप्पर. खांब टूथपिकचे, काच ओएचपी शीटची. व्हरांडा हा शब्दच मुळात हिंदुस्थानातून इंग्रजीत गेला, आणि आपल्याकडं पडवी घरातली सगळ्यात जास्त वापरातली जागा असते, धान्य निवडायचं तिथं, पाहुणा टेकायचा तिथं, म्हाताऱ्यानं बसायचं तिथं. हेही तसंच. डार्विन तेव्हा साठी ओलांडलेला, नातेवाईक यायचे, बागेकडं तोंड करून बसायचं. फरक एवढाच की आपण पडवी ऊन अडवायला करतो म्हणून वर कौलं, ते ऊन आत घ्यायला करतात म्हणून वर काच.

हा तुकडा फार नाजूक झालाय, पोरांच्या हातात किती टिकेल सांगता येत नाही. एक जादा करून ठेवतो.

१६ फेब्रुवारी

१८७७, शेवटची मोठी भर. मुलगा फ्रान्सिसची बायको १८७६ मध्ये बाळंतपणात गेली आणि तो तान्ह्या बर्नार्डला घेऊन आईवडिलांकडं राहायला आला. घरात पुन्हा पाळणा. जागा कमी पडायला लागली म्हणून हा नवा भाग, त्यात आधी बिलियर्डची खोली आणि नंतर डार्विनची नवी अभ्यासिका. आर्किटेक्ट विल्यम सेसिल मार्शल, आणि हाच माणूस त्याच १८७७ साली पहिल्या विम्बल्डनच्या फायनलमध्ये खेळून हरला. हे वर्गातल्या टेनिसवाल्या पोराला सांगायचं लक्षात ठेवायचं.

गांडुळांवरचं शेवटचं काम या काळातलं. मातीच्या कुंड्यांमध्ये गांडुळं घरात ठेवलेली, त्यांना ऐकू येतं का बघायला फ्रान्सिसनं त्यांच्यासमोर बसून वाद्य वाजवलं, कुंड्या एमाच्या पियानोवर ठेवून सूर वाजवले. आवाजाला काही नाही, पण पियानोवरच्या कुंडीत सूर लागला की आत पळाली, म्हणजे कंप कळतो. बागेत एक सपाट गोल दगड ठेवला होता, गांडुळं खालची माती वर आणतात त्यानं दगड किती खचतो ते मोजायला, वर्षाला सुमारे २ मिमी. मॉडेलच्या बागेत शर्टाचं एक बटण दाबून बसवलंय त्याच्या नावानं.

२० फेब्रुवारी

छप्पर आणि गिलावा. स्लेटसाठी जुन्या लग्नपत्रिका, ५ मिमीच्या पट्ट्या, खालून वर एकावर एक चढवत, राखाडी रंगाच्या तीन छटा मिसळून. दीड दिवस. गिलाव्याला खडूची पूड, फेव्हिकॉल आणि थोडं पाणी, ब्रशनं ठोकत लावलं. सगळ्या तुकड्यांना एकच पांढरा, कारण प्रत्यक्षात बघणाऱ्याला जोड दिसत नाहीत. जोड उचलल्यावरच कळले पाहिजेत.

२३ फेब्रुवारी

बोर्डाचा मजकूर. डार्विन १९ एप्रिल १८८२ रोजी याच घरात गेला. घरच्यांना वाटत होतं गावातच पुरावं पण वेस्टमिन्स्टर ॲबेत नेलं. एमा १८९६ पर्यंत. पुढं १९०७ पासून काही वर्षं इथं मुलींची शाळा होती, ती वाढली आणि बर्कशायरला गेली, जाताना नाव घेऊन गेली, आजही डाऊन हाऊस म्हणूनच चालते. १९२७ मध्ये जॉर्ज बक्स्टन ब्राऊन नावाच्या सर्जननं स्वतःच्या पैशानं घर विकत घेतलं, ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेला दिलं, १९२९ मध्ये लोकांना खुलं झालं. १९९६ पासून जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेजकडं, दुरुस्ती होऊन १९९८ मध्ये परत उघडलं.

एवढं सहा ओळीत बसवलं. मुलींच्या शाळेची ओळ बाईंनी ठळक करायला सांगितली.

२५ फेब्रुवारी

एक राहिलं होतं. डार्विनच्या पोरांसाठी लाकडाची एक घसरगुंडी केलेली होती, फळीला दोन्ही कडांना पट्ट्या, ती जिन्याच्या पायऱ्यांवर टाकायची आणि वरून सुसाट खाली. ती तिथं ठेवलेली बघितली तेव्हा मी बराच वेळ तिथंच उभा होतो. एकीकडं शांतता पाहिजे म्हणून सरकारी रस्ता खणून घेणारा बाप, आणि दाराबाहेर जिन्यावर सात पोरांचा हा दणका, आणि तो त्यांना गप्प करत नव्हता, ती अभ्यासिकेत पट्टी कात्री मागायला घुसायची. त्याच्या मोठ्या पुस्तकाच्या हस्तलिखिताची बरीच पानं गेली पण काही उरली ती पोरांनी मागच्या बाजूला चित्रं काढली म्हणून.

आईस्क्रीमच्या काडीची केली, जिन्यावर बसते.

२७ फेब्रुवारी

पॅकिंग. ठोकळा मोठ्या खोक्यात थर्माकोलच्या गोळ्यांत, तुकडे सालाप्रमाणं वेगळ्या चार डब्यांत, व्हरांडा हिच्या पुरणपोळीच्या डब्यात कापूस घालून. ओळखीच्या टेम्पोवाल्यानं भाडं घेतलं नाही, म्हणाला सर माझं ड्रॉइंग तुम्हीच सुधारलं. स्पीडब्रेकरला मीच मागं बसून खोकं धरलं. काही मोडलं नाही.

२ मार्च

काल शाळेत जाऊन आलो. विज्ञान दिनाला गर्दी होती म्हणून कुणाला हात लावू दिला नव्हता, काल आठवीच्या वर्गाला मोकळं सोडलं. मी बाजूला खुर्ची घेऊन बसलो, काही सांगितलं नाही.

काढायला पाच मिनिटं. ७७ निघाला, ७२ निघाला, ५८, ४३, रस्त्याची पट्टी घातली, आणि मधे ते कुरूप चौकोनी खोकं उरलं. सगळी शांत. मग एक पोरगी म्हणाली हे तर आमच्या तलाठी ऑफिससारखं दिसतंय.

लावायला मात्र वेळ लागला. एका पोराला व्हरांडा आवडला होता, त्यानं तो आधी घेतला आणि ठोकळ्याच्या सगळ्या बाजूंना लावून बघत होता, कुठंच खिळे बसेनात. बाकीचे ओरडायला लागले, इकडं लाव तिकडं लाव. त्यानं व्हरांडा उलटा केला, खालचं १८७२ वाचलं, मग टेबलावरचे बाकीचे तुकडे एकेक उलटे करून सालं बघितली, ५८ चा उचलला, तो टोकाला खटकन बसला, आणि त्याच्या भिंतीवर व्हरांड्याची भोकं होती.

जादाचा व्हरांडा अजून लागलेला नाही. एका खांबाला चीर आहे, पुढच्या वेळी जाताना फेव्हिकॉल न्यायचं.